न शिवलेली गाडी

एका इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ मी एकदा भर अंगणात, सगळ्यांसमोर सांगितला. तो बरोबर होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. माझा पुतण्या गुंडेराव म्हणतो, "काका, त्या एका शब्दापायी माझा टेंपो गेला." त्याची आई, आमच्या चांगुणावहिनी, म्हणतात, "भाऊजी, जन्मात एकदाच तुम्ही कामाचं बोललाव." दोघंही मला जवळचे. कुणाचं खरं मानावं ते मला ठरवता येत नाही, म्हणून घडलं तसं लिहून काढतो.

गाडी शेवरलेट कंपनीची. फुगीर बॉनेट, पुढं आडव्या पट्ट्यांची जाळी, तिघं बसतील एवढी केबिन आणि मागं उघडा पत्र्याचा हौदा. इंग्रजीत तिला पिकअप म्हणतात. आमच्या वस्तीत तिचं नाव 'शिवरलेट' पडलं होतं. मालक भीमराज, माझा थोरला चुलतभाऊ आणि गुंडेरावचा बाप. तो रस्ते बांधणाऱ्या हैदराबादच्या एका कंत्राटदाराकडं ड्रायव्हर होता. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कंत्राटदार इथलं काम गुंडाळून परत निघाला. जाताना त्यानं ही जवळजवळ कोरी गाडी भीमराजला स्वस्तात देऊन टाकली. त्याच हिवाळ्यात आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला. त्यामुळं त्या सालाची आठवण काढताना आमच्याकडं लोक अजून दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात: आपण बुद्धाचे झालो आणि भीमराजनं शिवरलेट आणली.

आमचं गाव राजेश्वरच्या पलीकडं, हमरस्ता सोडून आत. गावातली तूर, मूग, ज्वारी हुमनाबादच्या बाजाराला बैलगाडीनं जायची. आपण मोटारीनं नेऊ, बैलांचे हाल वाचतील आणि आपलं घर चालेल, एवढाच भीमराजचा हिशेब होता. पहिल्या सुगीला एकदोघांनी माल दिलाही.

मग गावातल्या एका बड्या शेतकऱ्याचा बैल मेला. पूर्वी मेलेलं जनावर ओढून नेणं आमच्या लोकांकडं होतं. धम्म घेतल्यापासून ते आम्ही बंद केलं होतं, आणि गाव त्यावर धुमसत होतं. त्या शेतकऱ्याचा माणूस गोड बोलत वस्तीत आला.

"भीम्या, आता तर तुज्याकडं मोटार हाय. दोरी नको, खांदा नको. टाक हौद्यात आन ने रानात. तुमचा धरम बी ऱ्हाईल, आमचं काम बी हुईल."

भीमराज गाडीचं चाक काढून बसला होता. तो उठलासुद्धा नाही.

"हिच्यात ज्वारी चढंल," तो म्हणाला, "तूर चढंल, अडलेली बाई चढंल, तुमचं म्हातारं आजारी पडलं तर ते बी चढंल. मेलेलं ढोर चढनार न्हाई."

माणूस गेला. त्याच संध्याकाळी भीमराज पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्याकडं आला. मी मॅट्रिक झालो होतो आणि माझं अक्षर बरं होतं. बाकी माझ्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

"व्यंकट्या, फाळक्यावर लिही."

फाळका म्हणजे हौद्याची मागची, खाली पाडता येणारी पत्र्याची फळी. तिच्यावर कंपनीनं इंग्रजी अक्षरं उठवलेली होती. त्यांच्यावरूनच मी सुवाच्य लिहिलं: मेलेलं ढोर चढणार नाही.

भीमराजनं एकेक अक्षर बोटानं वाचलं. "हे कोण बोललं?"

"तूच की."

"मी असं बोलत न्हाई. हे एखादं पुस्तक बोलायलंय असं वाटायलंय. मी बोललो तसं लिही."

"दादा, शुद्ध असं लिहितात."

"शुद्ध म्हणू नको माज्याम्होरं," तो म्हणाला. त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं ओळ पुसली, आणि मी पुन्हा लिहिलं: मेलेलं ढोर चढनार न्हाई.

त्यानंतर कुणी आमच्याशी भांडलं नाही, कुणी काठी उगारली नाही. फक्त माल यायचा बंद झाला. भीमराज गाडी घेऊन हुमनाबादच्या आडत दुकानांसमोर उभा राहायचा. पोती समोर पडलेली असायची, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती दुसऱ्याच्या गाडीत जायची. "आज भरली रे आमची गाडी," असं आडते म्हणायचे. खरं कारण एका म्हातारीनं उघडपणे सांगितलं: त्या हौद्याला शिवलेला दाणा देवापुढं कसा ठेवायचा? भीमराज घरी आल्यावर हसून म्हणायचा, "नावात शिव हाय, तरी कुणी शिवंना."

पोटासाठी तो दुसऱ्यांचे ट्रक चालवू लागला. दुसऱ्याच्या ट्रकवर तो चालत होता, याचं मला आजही नवल वाटतं. स्वतःची गाडी लिंबाखाली ताडपत्री टाकून उभी. ती निघायची ती वस्तीच्या कामाला: कुणी बाळंतपणात अडली तर बीदरच्या दवाखान्यात, कुणाची वरात, चौदा एप्रिलची मिरवणूक. हौद्यात चढताना माणसं चपला हातात घ्यायची. तसं कुणी सांगितलं नव्हतं. भीमराज एकोणऐंशी साली गेला. पुढं गुंडेराव गाडी तशीच पुसत राहिला.

आता सत्त्याऐंशी सालाकडं येतो. गुंडेराव बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात हमाली करत होता. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या भरायच्या. त्याला स्वतःचा टेंपो हवा होता आणि त्यात काही वावगं नव्हतं. शिवरलेटचा एक सुटा भाग शोधत तो हुमनाबादला बसवंतप्पाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. बसवंतप्पा लिंगायत, गोड माणूस, मराठी-कन्नड दोन्ही एकाच वाक्यात बोलणारा. पूर्वी त्याच्या वडिलांचं आडत दुकान होतं. गाडीचं वर्णन ऐकून तो म्हणाला, "थांब थांब, बेंगळूरचा एक साहेब अशा गाड्यांसाठी येडा झालाय."

तो साहेब म्हणजे मेदप्पा. मूळचा कोडगूचा, म्हणजे कूर्गचा, कॉफीच्या बागा असलेला. एका सकाळी बसवंतप्पा त्याला घेऊन आमच्या वस्तीत आला. गुंडेरावनं ताडपत्री ओढली. मेदप्पानं डोक्यावरची हॅट काढली. मग चांगल्या कपड्यांनिशी तो मातीत आडवा झाला आणि गाडीखाली शिरला. माझ्या मनात त्याच्याबद्दल त्या क्षणी आदर निर्माण झाला. पुस्तकाची पहिली आवृत्ती हाती आली की मी असाच वागतो. तालुक्याच्या वाचनालयात जन्म गेला माझा.

बाहेर येऊन त्यानं चांगुणावहिनींना हात जोडले आणि बेंगळुरी कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, गाडी मारतीरा?"

कन्नडमध्ये मारणं म्हणजे विकणं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि वहिनींचं तर माहेर आळंदचं, त्यांची कन्नड माझ्यापेक्षा बरी. पण त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"मारते की. कुठं मारू? टाळक्यात का पाठीत?"

सगळी वस्ती हसली. बसवंतप्पानं अर्थ सांगितल्यावर मेदप्पाही हसला, अगदी मनापासून. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कुणालाही तसं वाटेल.

गाडीबद्दल बोलायला लागल्यावर मात्र तो उत्साहात इंग्रजीवर घसरला. बसवंतप्पाचं इंग्रजी गॅस्केट आणि बेअरिंगच्या पुढं जात नव्हतं. गुंडेरावनं मला लिंबामागून ओढून पुढं आणलं.

"काका, तुम्ही सांगा."

"अरे, मी वाचतो रे. बोलत नाही."

"आज बोला."

मी बोललो. मेदप्पा गाडीभोवती फिरत होता आणि मी त्याच्या मागं मागं मराठी करत. आधी त्यानं केबिनच्या मागच्या कोपऱ्यांवर बोट ठेवलं. साध्या गाडीला मागं एकच खिडकी असते. हिला कोपऱ्यात दोन वाकलेल्या काचा जास्त होत्या. त्या फुटल्या की मिळत नाहीत, म्हणून लोक तिथं पत्रा ठोकतात. मग हौदा. आपल्या देशात बहुतेक गाड्या नुसत्या सांगाड्यावर यायच्या आणि वरचा लाकडी हौदा इथला सुतार करायचा. कंपनीचा पत्र्याचा हौदा असलेली गाडी म्हणूनच विरळा. मग त्यानं बॉनेट उघडलं. पेट्रोलचं सहा सिलिंडरचं मूळ इंजिन. पुढं पेट्रोल महागलं तसं लोकांनी असली इंजिनं भंगारात घालून डिझेलची बसवली.

"मग जुनी हाय म्हणूनच ना सगळं?" गुंडेरावनं विचारलं.

मी ते मेदप्पाला सांगितलं. त्यानं जोरानं मान हलवली. जुनी असण्याला काही मोल नाही, तो म्हणाला, जुनं भंगार गावोगाव पडलेलं आहे. नवा रंग देऊन चकाचक केलेल्या गाड्या तर पैसे टाकले की हव्या तेवढ्या. पण कारखान्यातला रंग एकदाच बसतो. तो गेला की गेला. मग त्यानं पत्र्याच्या हौद्याच्या तळाशी बसवलेल्या लाकडी फळ्यांवरून तळहात फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "ह्या फळ्या कारखान्यातून आल्या त्याच. माल वाहायची गाडी, तीस-पस्तीस वर्षांची, आणि फळीवर एक ओरखडा नाही. हे झालं कसं?"

उत्तराची वाट न बघता तो मागं मागं सरकला, सगळी गाडी एकदम डोळ्यांत मावेल इतका. मग हळूच एकच शब्द म्हणाला.

"अनटच्ड."

"काय म्हणायलेत, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

मूळ. अस्सल. जशीच्या तशी. हात न लागलेली. एवढे शब्द मला त्या क्षणी सुचले होते, हे मी शपथेवर सांगतो. यातला कोणताही चालला असता. गुंडेराव मला डोळ्यांनी खुणावत होता, काहीतरी चांगलं बोला म्हणून. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"न शिवलेली."

बसवंतप्पा स्वतःच्या चपलांकडं बघायला लागला.

"परत म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"न शिवलेली. साहेब म्हणायलेत, अशा गाड्यांमध्ये न शिवलेली गाडी सापडत नाही. तिलाच किंमत असते."

"न शिवलेलीला किंमत हाय?"

"व्हय."

"कवापासून?"

मेदप्पानं मला विचारलं, बाई काय म्हणतात? मी सांगितलं. तो बिचारा खुशीत आला. आपल्याकडं अलीकडं, तो म्हणाला, परदेशात मात्र लोकांना हे फार आधी कळलं. मी त्याचंही मराठी केलं.

मग मेदप्पा फाळक्याशी गेला आणि त्याचा चेहरा थोडा उतरला. गाडीला एवढाच एक डाग आहे, तो म्हणाला. कुणीतरी मूळ रंगावर काहीबाही खरडलंय. पण काळजी नको, थिनरनं अलगद पुसता येईल, खालचा रंग शाबूत असणार.

"त्यास्नी वाचून दावा, काय खरडलंय ते," वहिनी म्हणाल्या.

मी वाचलं. मेदप्पाला अर्थ लागेना. मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण वहिनींनी मला हातानंच बाजूला केलं आणि त्याच्याशी त्या स्वतः कन्नडमध्ये बोलल्या. आमच्याकडची रांगडी कन्नड त्याला अर्धी कळली असेल नसेल, पण त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. त्या जे बोलल्या ते असं:

"साहेब, फळीवर ओरखडा कामून न्हाई, असं विचारलाव न्हवं? माज्या मालकानं ही ओळ लिवली. ओळ लिवली म्हणून कुणी पोतं टाकलं न्हाई. पोतं टाकलं न्हाई म्हणून ओरखडा न्हाई. कमाई न्हाई म्हणून डिझेलचं इंजिन न्हाई, नवा रंग न्हाई. तुमाला आवडली ती समदी गाडी ह्या ओळीनं राखली. आन तुम्ही तीच पुसाय निघालाव?"

मेदप्पानं हॅट दोन्ही हातांत धरली होती. तो म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं. ओळ नाही पुसणार. शब्द देतो. गाडी अशीच्या अशी ठेवीन. तिच्यापाशी एक लहानशी पाटी लावीन."

"पाटीवर काय लिवणार?"

तो प्रामाणिक माणूस होता, म्हणून अडखळला. "साल, कंपनी..." आणि मग अगदी खालच्या आवाजात, "अनटच्ड."

या वेळी तो शब्द त्यानंही ऐकला असावा.

"चालवणार का तिला?"

"वर्षातून एकदा. जुन्या गाड्यांची फेरी निघते."

"बाकी दिस?"

"बंद खोलीत. धूळ बसायला नको. वर कापड."

"कुणी हात लावणार?"

"छे छे. भोवती दोरी बांधलेली असते, अम्मा. कुणालाही जवळ येऊ देत नाही."

"दोरी," वहिनी म्हणाल्या.

निघताना मेदप्पानं मला बाजूला घेतलं आणि एक टेंपो येईल एवढी किंमत सांगितली. विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या, तो म्हणाला. फक्त एक विनंती. तोवर गाडीला काही करू नका. रंग नाही, दुरुस्ती नाही. कुणाला हात लावू देऊ नका. मी वहिनींना निरोप दिला: "म्हणायलेत, कुणालाही शिवू देऊ नका." पुन्हा तोच शब्द. पण एकदा बाहेर पडलेला शब्द माझ्याच्यानं मागं घेववेना.

ते गेल्यावर गुंडेरावचा स्फोट झाला. त्याची बायको शोभाबाई त्याला आत ओढत होती, पण तो अंगणातच बोलला, वस्तीसमोर.

"आई, बानं मान ताठ ठिवली, आन पाठ माजी वाकली. रोज दुसऱ्याच्या गाड्या भरायलो मी. ह्या झाडाखाली ही ठिऊन काय मिळालं आपल्याला? ज्यांनी शिवली न्हाई त्यांच्याच्यानं का हुईना, आज तिचं सोनं व्हायलंय. घ्यावं की!"

त्याचं म्हणणं मला पटलं. खरं सांगतो, पटलं. अन्यायातून चुकून का होईना, काही हाती लागत असेल तर ते का सोडायचं? मी तसं म्हणणारही होतो. पण वहिनी गाडीच्या फूटबोर्डवर बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"गुंड्या, तुज्या बानं ही गाडी न शिवलेली ठिवाय घेतली न्हवती. शिवाय घेतली होती. समद्या गावानं तिच्यात माल टाकावा, पोती आपटावीत, फळ्या झिजाव्यात, रंग उडावा, म्हणून घेतली होती. ती खरडून खरडून भंगार झाली असती ना, तर तो हसत मेला असता. लोकांनी तिला वाळीत टाकली, म्हणून ती नवी ऱ्हायली. आन आता ह्यो साहेब म्हणतोय, लई झाक वाळीत टाकलाव, असंच ऱ्हाऊ द्या, वरून दोरी मी बांधतो."

गुंडेरावनं हौद्यात हात घालून फळी चाचपली. आपल्या बापाची गाडी इतकी गुळगुळीत का, हे त्याला जणू आत्ताच उमगत होतं.

"मग आता?" तो म्हणाला.

"आता काय? रंग आण. निळा."

मी मध्ये पडलो. "वहिनी, नीट विचार करा. नवा रंग लागला की तिचं सगळं मोल गेलं. साहेबांनी सांगितलं ना, तो रंग परत येत नाही."

"ते समजलं म्हणूनच म्हणायलेय, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी वस्ती लोटली. कुणी विटेच्या तुकड्यानं तर कुणी पॉलिशकागदानं जुना हिरवट रंग घासत होतं. कारखान्यातला तो रंग भुकटी होऊन बायांच्या लुगड्यांवर बसला. ब्रश थोडे आणि हात फार, म्हणून निम्म्या लोकांनी चिंध्यांनीच रंग फासला. ओघळ आले, कुठं जाड, कुठं विरळ. मेदप्पा असता तर त्याला रडू आलं असतं. मलाही थोडं आलं, ते मी लपवलं. पण प्रत्येक जण गाडीला अंगभर लगटून उभा होता, आणि इतके हात तिच्यावर एका वेळी मी कधीच पाहिले नव्हते.

वस्तीत विहार बांधायला घेतलं होतं. पायाचे दगड ओढ्याकाठी पडून होते. दुपारी गुंडेरावनं गाडी तिकडं नेली आणि भरून आणली. तिथं पहिला दगड हौद्यातल्या फळीवर आपटला. पुस्तकाचं पान टर्रकन फाटावं तसा आवाज. गुंडेरावनं वाकून ओरखडा पाहिला, बोटानं मोजल्यासारखा केला आणि ओरडला, "टाका रे, दुसरा टाका!"

दगड उतरवून गाडी लिंबाखाली आली. आता फाळक्यावरची ओळ तेवढी राहिली होती. घासताना जुनी ओळ गेली होती आणि नवी लिहायची होती. कुणी विचारलंही नाही, ब्रश सरळ माझ्या हातात आला. मी 'मेलेलं ढोर'पर्यंत आलो होतो, तेवढ्यात बसवंतप्पाची मोटारसायकल वाजली. मेदप्पाचा निरोप घेऊन आला होता. गाडी बघून त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"सत्यानाश! अक्का, काय केलाव हो हे?"

"शिवली," वहिनी म्हणाल्या.

"अहो, त्या माणसानं काल रात्रभर झोप घेतली न्हाई. किमतीत आणखी वर चढाय तयार झाला. म्हणाला ती ओळ तर ठेवतोच, पाटी बी लावत न्हाई. आन तुम्ही हे... कुणी फुकट बी नेणार न्हाई आता हिला!"

"कुणी न्यावी म्हणून रंगवलीच न्हाई." वहिनींनी पदरानं हात पुसले. हात निळेच राहिले. "बसवंतप्पा, तुमच्या अप्पांच्या आडतीम्होरं ही गाडी उभी ऱ्हायची. तुम्ही ल्हान होताव. आठवतंय का?"

"आठवतंय, अक्का," बसवंतप्पा म्हणाला.

"तवा शिवायची ऱ्हायली तुमची. आता शिवा. रंग वला हाय, हाताला लागंल."

"पांढरा शर्ट हाय हो."

"शर्टानं शिवा कुठं म्हणले? हातानं म्हणले."

वस्तीतली पोरंबाळं, बाया, सगळे बघत होते. बसवंतप्पानं इकडंतिकडं पाहिलं, शर्टाची बाही वर सरकवली आणि मडगार्डला एक बोट लावलं. अगदी टोक. मग ते निळं टोक हवेत धरून तो उभा राहिला, कुठं पुसावं ते न कळून.

"बास? एकच बोट?"

"अक्का, तुमच्यासंगं बोलून कोण जिंकलंय का?"

"आन घरी जाऊन पाणी वतून घेऊ नका अंगावर. ऑइलपेंट हाय. पाण्यानं जायचा न्हाई."

लोक खदखदून हसले. बसवंतप्पाही हसला, पण उशिरा. मग त्यानं, कुणी न सांगता, सगळा पंजा दारावर टेकवला आणि मोटारसायकलकडं गेला. हँडलला, किल्लीला, सगळ्याला निळं लागलं. तो पंजा मी ब्रशनं सारखा करायला निघालो, तर गुंडेराव म्हणाला, "काका, ते मी बघतो. तुम्ही तुमची ओळ पुरी करा." आणि त्यानं दारावरून जाड ब्रश फिरवला. पंजा गेला. बरोबर केलं की चूक, मला सांगता येणार नाही. वहिनींनी त्याला अडवलं नाही.

मी फाळक्यासमोर पुन्हा खाली बसलो. 'चढ' लिहिलं आणि थांबलो. चाळीस वर्षांचं वाचन माझ्या मनगटात बसलेलं आहे. ब्रश आपोआप 'ण'च्या वळणाला निघाला होता.

"काय झालं, भाऊजी?" वहिनींनी मागून विचारलं. "लिहाय येईना का?"

"येतंय," मी म्हणालो.

दगडांच्या पुढच्या खेपेसाठी गाडीचं इंजिन सुरूच ठेवलं होतं, त्यामुळं फाळका थरथरत होता. मी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, 'चढ'पुढं 'नार' लिहिलं, ब्रश डब्यात बुडवला, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात शेवटचा शब्द काढला: न्हाई.